सतरा लिंबाखाली, पंधरा टाकीजवळ

शोकसभेला जमलेली सरांच्या घरची मंडळी, आणि कुठून कुठून एसटीनं आलेले त्यांचे विद्यार्थी. माईक हातात आला आणि पाठ केलेलं सगळं विसरून बसले. बिराजदार सर असते तर म्हणाले असते, पाठ करत कशाला बसलीस?

अकरावीला सरांनी आम्हाला सूत्री विभाजन शिकवलं ते इथं, उदगीरच्या याच कॉलेजच्या मैदानावर. कांद्याच्या पेशीत सोळा गुणसूत्रं. विभाजनाआधी प्रत्येकाची हुबेहूब जोडी होते, दोघं एका जागी चिकटून राहतात. ती गुणसूत्रं आम्हीच व्हायचं, म्हणजे पोरं हवीत बत्तीस. वर्गात आम्ही एकतीस. उरलं कोण? मी. कंधारकडच्या खेड्यातली, होस्टेलवर रडणारी, कुणाशी न बोलणारी. खरं सांगते, कॉलेज सोडायचा अर्ज त्या दिवशी माझ्या पिशवीत होता.

मग सरच माझी जोडी झाले. एवढे धिप्पाड सर, तोंडात शिट्टी, माझा हात धरून रांगेत. पोरं हसून बेजार. सगळ्या जोड्या मधोमध एका ओळीत. शिट्टी वाजली की हात सोडायचा. एकानं लिंबाकडं पळायचं, दुसऱ्यानं पाण्याच्या टाकीकडं, म्हणजे दोन नव्या पेशी. शिट्टी वाजली. आणि मी हात सोडलाच नाही. सरांना ओढत लिंबाकडं नेलं. मोजलं तर लिंबाखाली सतरा, टाकीजवळ पंधरा.

वाटलं, आता आपली धडगत नाही. सर धापा टाकत वर्गाला म्हणाले, "बघा, हिच्यामुळं खरं कळलं. एक जोडी सुटली न्हाई, तर दोन्ही पेशी बिघडल्या." मग माझ्याकडं वळले. "उद्या सकाळी कांद्याची मुळं कापायची हायत. स्लाइड तू करायची. लवकर ये."

लई दिवसांनी कुणीतरी मला ये म्हणालं होतं. गेले. मुळाचं टोक काचेखाली अंगठ्यानं दाबताना दोन काचा फोडल्या. तिसरीत गुणसूत्रं दिसली, दोन्हीकडं निघालेली. सर माझ्याहून जास्त खूश.

आज मी त्याच प्रयोगशाळेत शिकवते. इतकी वर्षं सरांसोबत चहा घेतला, पण त्या अर्जाचं कधी बोलले नाही. दर वेळी वाटायचं, उद्या सांगू. सर, त्या सकाळी तुम्ही बोलावलं नसतं तर मी गावी निघून गेले असते. हे तुम्ही ऐकायला हवं होतं.

चला, उभे राहू. थोडा वेळ कुणीच बोलायचं नाही.