गव्हर्नरला कॉफी एकदाच विचारली

वाजू दे, वाजू दे! उचलायचा नाही म्हणजे नाही. तुम्हाला सांगते, या आठवड्यातला हा अकरावा फोन, आणि प्रत्येक फोनवर एकच सवाल, आपल्या गव्हर्नरबद्दल आपल्याला काय वाटतं? परवा मंगळवारी मतदान, साहेबांना परत निवडून यायचंय, समोरच्याशी अगदी चुरस चाललीय, म्हणून अख्ख्या राज्याला विचारत सुटलेत, काय वाटतं, काय वाटतं, काय वाटतं! अहो, मला ब्याऐंशी वर्षांत कुणी विचारलं नाही काय वाटतं म्हणून. आठवीतून काढून गाईंच्या धारा काढायला बसवलं तेव्हा नाही विचारलं. ऑर्व्हल फॉसमनं लग्नाचं विचारलं तेव्हासुद्धा विचारलं नाही, नुसता म्हणाला, "नवा ट्रॅक्टर घेतलाय." मी समजले. आमच्याकडे एवढ्यावर समजायचं असतं.

आणि तिथंच तर सगळा घोटाळा झाला!

पहिला फोन आला ऑगस्टात. मी तव्यावर लेफ्से टाकत होते, म्हणजे आमची ती बटाट्याची पातळ पोळी, क्षणभर नजर हलली की करपते. "हॅलो मॅडम, मी ब्रिआना, आपली फक्त चार मिनिटं घेईन." आवाज इतका गोड, आणि पाठीमागे शंभर पोरी तेच बडबडतायत. म्हटलं, घे बाई. तर म्हणते, "राज्यातले रस्ते आणि पूल यांबद्दल आपण खूप समाधानी, थोड्या समाधानी, थोड्या असमाधानी की खूप असमाधानी?"

आता हे विचारायचं कुणाला? मला? पुलाबद्दल? अहो, पूल हा माझ्या छातीवरचा धोंडा आहे! आमच्या गावाला नदी, नदीपलीकडे वृद्धाश्रम, वृद्धाश्रमात माझी धाकटी बहीण मर्ना. तिचं डोकं आता चालत नाही, माझ्या मुलीचं नाव विसरली, स्वतःचं घर विसरली, पण एक पक्कं धरून बसलीय, जेवायचं ते आर्डिसच्या हातून. आर्डिस म्हणजे मी. नर्स भरवायला आली की तोंड असं मिटून घेते, लहानपणी औषधाला मिटायची तसंच! पूल होता तेव्हा माझ्या दारापासून तिच्या दारापर्यंत सहा मिनिटं. तीन वर्षांपूर्वी पुलाला तडा गेला, सरकारनं दोन्ही टोकांना नारिंगी पिंपं लावली आणि विसरून गेलं. आता खालच्या गावावरून वळसा घालायचा, त्रेचाळीस मैल. उन्हाळ्यात मी घालते. पण बर्फ पडलं की माझी मुलगी गाडीची किल्ली काढून घेते, तिचंही चूक नाही, मागच्या साली मी खड्ड्यात गेलेच होते. मागच्या हिवाळ्यात मर्ना अकरा पौंडांनी उतरली. अकरा! हाडांवर स्वेटर घातल्यासारखी दिसायची. आणि काउंटीचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याचा, इंजिनिअर काय म्हणाला होता माहितीय? गव्हर्नरच्या यादीत पुलाचं नाव आलं, तर निदान एक बाजू बर्फाआधी उघडून देतो. फक्त यादीत नाव यायला हवं.

तर एवढं सगळं पोटात, आणि ही पोर विचारते, पुलाबद्दल काय वाटतं. मी खोल श्वास घेतला आणि म्हटलं...

"तसं वाईट नाही."

हसू नका! तुम्हाला सांगते, आमच्याकडे याहून कडक शब्दच नाही. आमचे आजे नॉर्वेहून इकडं अमेरिकेत आले, येताना दोन पेट्या आणि हा एक स्वभाव घेऊन आले, तक्रार करायची नाही. कोठार जळालं तेव्हा आमचे वडील राखेत उभे राहून म्हणाले, "तसं वाईट नाही, विहीर शिल्लक आहे." आमचा ऑर्व्हल स्वयंपाकघरात छाती धरून पडला, अँब्युलन्सवाल्यांनी विचारलं, कसं वाटतंय, तर पांढराफटक पडलेला माणूस म्हणतो, "तसं वाईट नाही." ते स्ट्रेचर मिटायला लागले हो! ते होते शहरातले. शेवटी मी ओरडले, "अहो, वाईट नाही म्हणतोय तो, म्हणजे मरतोय!" वाचला बिचारा. आणि मी परक्या माणसांसमोर ओरडले म्हणून तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. आयुष्यात ओरडले ती तेवढी एकदाच.

ब्रिआनाला काय कळणार हे? तिनं संगणकावर टकटक केलं, "थोड्या समाधानी. थँक यू मॅडम!" माझी लेफ्से करपली.

सप्टेंबरात पेपर आला. पहिल्या पानावर! राज्यात सगळ्यात समाधानी काउंटी कुठली? आमची! रस्ते आणि पुलांबद्दल त्र्याऐंशी टक्के खूश! आणि खाली बारीक अक्षरात, दक्षिणेकडच्या लोकांमध्ये फार नाराजी असल्यामुळे यंदाचे पूल तिकडे देण्यात येत आहेत. तिकडची माणसं फोनवर शिव्या घालतात म्हणे. त्यांना दोन पूल मिळाले. आम्हाला त्र्याऐंशी टक्के!

रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीला बसलो तर एकेक माणूस खाली मान घालून. सगळ्यांना फोन आला होता. सगळ्यांनी तेच सांगितलं होतं. क्लिफर्डचा अर्धा मका पलीकडच्या शेतात, पूल बंद झाल्यापासून ते शेत त्यानं पडीक टाकलंय, तोसुद्धा म्हणाला, "मी... वाईट नाही म्हणालो." मग आमची लवॉन उठली. लवॉन म्हणजे चर्चच्या स्वयंपाकघराची मालकीणच, तिला विचारल्याशिवाय मिठाची बाटली हलत नाही. म्हणाली, "आता पुरे! पुढच्या वेळी फोन आला की सगळ्यांनी म्हणायचं, खूप असमाधानी. म्हणा माझ्यामागं!" चाळीस माणसं, वय वर्षं सत्तर ते नव्वद, एका सुरात पुटपुटली, "खूप असमाधानी..." भजनात पहिल्यांदा वरचा सूर लावताना घसा कसा चिरकतो, तसं.

झालं काय? पुढचा फोन आला. लवॉन आठवडाभर आरशासमोर घोकत होती. पोरीनं विचारल्यावर धडाक्यात म्हणाली, "याहून बरं असू शकलं असतं!" आणि फोन ठेवून दिला, आणि मग घाबरी होऊन माझ्याकडं पळत आली, "आर्डिस, मी फार लागट बोलले का गं? त्या पोरीचा नंबर मिळेल का? माफी मागितली पाहिजे." क्लिफर्ड मात्र बोलला हो, "खूप असमाधानी" असंच म्हणाला, आणि लगेच पुढं म्हणाला, "पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तुमचा त्यात काय दोष, तुमच्याकडं पाऊस कसाय?" वीस मिनिटं बोलत बसला. नवीन आकडा आला, एक्क्याऐंशी टक्के! बघा, दोन टक्क्यांची क्रांती!

आणि या एक्क्याऐंशी टक्क्यांच्या प्रेमापोटी गव्हर्नरसाहेब स्वतः आले! गेल्या शनिवारी, आमच्या लुटेफिस्कच्या जेवणाला. मासा असतो तो, सुकवलेला, मग राखेच्या खारात भिजवलेला, मग उकडलेला, ताटात ठेवला की थरथरतो, वर लोणी ओतायचं आणि विचार न करता गिळायचं. आम्हाला तरी कुठं आवडतो? पण वर्षातून एकदा खायचा असतो. साहेब आले, मागं कॅमेरे, उंच माणूस, दात एकदम नवे. माशाकडं बघून चेहरा जरा माशासारखाच झाला, पण खाल्ला हं, नाही कशाला म्हणू. आणि कॉफी वाढायला कोण? मी!

मी किटली घेऊन निघाले तशी लवॉननं माझं मनगट धरलं. "आर्डिस, आता नाही तर कधीच नाही." काटे थांबले. साहेबांनी मान वर केली, माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "काय आजी, कसं चाललंय आपल्याकडं?"

तुम्हाला सांगते, डोळ्यांपुढं मर्ना आली. तिचं मिटलेलं तोंड आलं. तो ढगळ स्वेटर आला. सगळं जिभेच्या टोकावर आलं, अगदी दातांना लागलं...

"तसं वाईट नाही," मी म्हटलं.

"वा! वा!" साहेब म्हणाले. कॅमेरे चकाकले. आणि मग कोण जाणे कुठून, माझ्या अंगात काय शिरलं! मी विचारलं, "कॉफी घेणार अजून?" साहेब म्हणाले, "नको, नको, थँक यू."

आणि मी निघून गेले.

कळलं का? निघून गेले! आमच्यात पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं असतं, दुसऱ्यांदा विचारलं की नको हो, उगाच कशाला म्हणायचं असतं, आणि तिसऱ्यांदा कप पुढं करायचा असतो, अगदी थेंबभर म्हणत. दारावर आलेल्या विमावाल्यालासुद्धा आम्ही तीनदा विचारतो! आणि मी राज्याच्या गव्हर्नरला एकदा विचारून, पाठ फिरवून, किटली घेऊन चालायला लागले. मागं कुणाचा तरी काटा पडला. एक म्हातारी म्हणाली, "अरे देवा!" क्लिफर्डनं टोपी काढली. लवॉन भिंतीला टेकली, पांढरी पडली होती, माझ्या कानाशी म्हणाली, "आर्डिस फॉसम, तू तर पार टोकाला गेलीस."

आणि साहेब? साहेबांनी रुमालानं तोंड पुसलं आणि पेपरवाल्याला सांगितलं, इतकी प्रेमळ माणसं मी कुठं पाहिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्रेचाळीस मैल घालून मर्नाकडं गेले. शेतांवर पहिलं भुरभुरतं बर्फ दिसत होतं. तिला बटाटे भरवता भरवता सगळं सांगितलं, कळो न कळो. ती चावायची थांबली. कितीतरी महिन्यांनी डोळ्यात काहीतरी लकाकलं.

"एकदाच विचारलंस?"

"एकदाच."

"आर्डिस!" मर्ना म्हणाली. "गव्हर्नरला?" आणि माझा दंड धरून हसायला लागली हो, लहानपणी चर्चमध्ये हसायची तशी, आवाज न करता, बटाटा सांडेपर्यंत. अख्खी वाटी संपवली तिनं त्या दिवशी.

तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजला. "हॅलो मॅडम, मी ब्रिआना, शेवटचीच चाचणी, पुलांबद्दल आपण..." मी खिडकीतून बाहेर बघितलं, बर्फ जरा दाट झालं होतं, आता किल्ली जाणार. म्हटलं, आर्डिस, आज बोलायचंच. तोंड उघडलं.

मर्नानं विचारलं, "कोण गं?"

"एक पोरगी आहे. विचारतेय, कसं चाललंय."

"अगं मग थांबवून काय ठेवलंस तिला?" मर्ना ओठ पुसत म्हणाली. "सांग की, तसं वाईट नाही."

आता बहीण जेवलेली, हसलेली, तिला खोटं कसं पाडू? म्हटलं, लिही बाई. त्र्याऐंशी कर परत.