सकाळी आठचा आवाज

सातपूरच्या गॅरेजात मी स्कूटर मिळायची वाट पाहत बसलो होतो. बाकावरच्या काकूंची गाडी सकाळी सुरूच झाली नव्हती; शेजाऱ्यांनी दोरी बांधून आणली होती. किशोर मिस्त्री बॉनेटमधून वर आला.

"काकू, इंजिनात कार्बन धरलाय. गाडी रोज चालवता ना?"

"रोज सकाळी आठला सुरू करते. पाच मिनिटं, जागेवरच."

"त्यानेच धरतो. इंजिन नीट तापतच नाही."

"पण पेट्रोलमध्ये ती कार्बन काढायची बाटली टाकते की, दर महिन्याला."

"नुसत्या बाटलीने काय होतंय? अधूनमधून हायवेने घोटीपर्यंत पळवून आणायची."

"मला कुठे येते चालवायला? तुमचे काका पडल्यापासून पलंगावरच आहेत. आवाज आला की त्यांना कळतं, गाडी विकलेली नाही. आज आला नाही, तर चहाही घेतला नाही त्यांनी."

"दोन दिवस ठेवा. खोलून साफ करतो."

"दोन दिवस नको, किशोरभाऊ. उद्या आठला सुरू झाली पाहिजे."

"मग उद्या माझी गाडी आणतो तुमच्या दारात. हेच मॉडेल आहे."

"ते ओळखतील."

"आतल्या खोलीतून?"

"महिनाभर सांगत होते, आवाज जड झालाय, किशोरला दाखव. मला वाटलं, भास होतायत."

"मग?"

"डॉक्टरांना सांगून त्यांची गोळी वाढवून आणली मी."