वणीची बस

आमचे आप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, यांनी जन्मात कधी कुणाला रस्ता विचारला नाही. आणि त्यांची बायको, आमची मोठीआई, तीस वर्षं एसटीने नाशकात फुलं विकायला येणारी. पण काही विचारलं की म्हणणार, "मला अडाणीला काय कळतंय?"

एकदा दोघं वणीला देवीला निघाले. नाशिकच्या स्टँडवर आप्पांनी चष्म्याशिवाय पाटीकडे बघितलं आणि बसमध्ये जाऊन जागा धरली.

मोठीआई हळूच म्हणाली, "अहो, ही वणीची नाय वाटत. एकाबी बाईकडं ओटीचं सामान नाय."

"तुला काय कळतंय? बस गप."

ती बसली. बस खच्चून भरलेली. कंडक्टर त्यांच्यापर्यंत पोचला तेव्हा निफाड आलं होतं आणि बस येवल्याची होती. आप्पांनी त्यालाच सुनावलं, "मग पाटी मोठ्या अक्षरात लावायची ना."

संध्याकाळी दोघं दर्शनाशिवायच घरी आले. मी मोठीआईला म्हटलं, "तुला कळलं होतं, तर चढलीस कशाला?"

ती चहा गाळत म्हणाली, "मंग? ह्यांना एकट्याला येवल्याला जाऊ देऊ?"