खिरापत उरली, फेर गेला

मंडळी, ऐका! लेकराचं अंग सुटलं, तर दोष कुणाचा? लेकराच्या जिभेचा? लगेच माना डोलावू नका — आधी गोष्ट ऐका!

सांगलीत एक सोसायटी. तिथे वृषाली आणि तिची आठवीतली लेक रेवती. सकाळी व्हॅन, दिवसभर बाक, संध्याकाळी क्लास — तोही पलीकडच्या गल्लीत, तरी आई स्कूटरवरून सोडणार! जाताना हातात वडापाव. आल्यावर "दमलीस गं" म्हणून क्रीमची बिस्किटं. कशानं दमली? बसून! आणि खेळायचं कुठे? अंगणभर गाड्या, भिंतीवर पाटी — 'येथे खेळू नये'!

नवरात्रात भोंडला आला. आमच्या वेळी पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून पोटऱ्या भरून यायच्या, तेव्हा कुठे तळहातावर चिमूटभर खिरापत! इथे? पोरी क्लासला. बायकांनी गाड्यांच्या फटीत पाट मांडला, दोन फेर उरकले — आणि खिरापतीचे डबे घरोघर!

एके दिवशी क्लासला सुट्टी. रेवती परकर-पोलकं घालून धावत खाली आली. तोच शेजारच्या कुंदाकाकू म्हणाल्या, "अगंबाई! हिलाच बसवा पाटावर, हत्ती काढायला नको!"

हसलात? त्या बायकाही हसल्या. आणि मंडळी — वृषालीसुद्धा हसली! चारचौघींत वाईट दिसायला नको म्हणून!

पोरीनं ते पाहिलं. वर निघून गेली. मग ताट पुढे आलं की एकच — "भूक नाही." तिसऱ्या दिवशी शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली!

डॉक्टर म्हणाले, "बाळ, जेवली का नाहीस?"

ती आईकडे बघून म्हणाली, "तू हसलीस ना?"

 संध्याकाळी वृषाली भोंडल्यात उभी राहिली. "काकू, चेष्टा तुमची, हसू माझं. लेक तीन दिवस उपाशी होती!"

"अगं, गंमत केली गं!"

"तिला स्कूटरवर मी बसवलं, क्लासला मी डांबलं. पण अंगण कुणी खाल्लं?"

वरच्या गॅलरीतून अध्यक्ष दातारकाका ओरडले, "वहिनी, पार्किंगचा नियम आहे!"

"नियम तुमचा, काका — अंग पोरीचं!"

तिनं नवऱ्याची गाडी काढून बाहेर रस्त्यावर लावली. रिकाम्या जागेत पाट मांडला. "रेवा, माझं चुकलं. येतेस?"

"पुन्हा हसलीस तर?"

"तर सगळ्यांदेखत मला झाप!"

एका गाडीच्या जागेत, क्लास बुडवून आलेल्या सात पोरींचा फेर मावला, मंडळी! दुसऱ्या दिवशी आणखी दोन गाड्या हलल्या. क्लास सहाचा सातला गेला. रेवती बारीक झाली का? हाच प्रश्न सुचला ना तुम्हाला? अहो, ती जेवायला लागली! धापा टाकत खिदळायला लागली!

आता तुम्ही सांगा — तुमच्या गल्लीतल्या मैदानाला कुलूप कुणी लावलं? खेळाच्या तासाला गणित शिकवा, असा अर्ज कुणी दिला? रडलं की पुडा फोडून हातात कुणी ठेवला? आणि मग लग्नकार्यात त्याच लेकराचा गाल ओढून "काय खातोस रे?" म्हणून विचारणारे कोण? आपणच! पोराची पोळी मोजण्याआधी त्याची संध्याकाळ कुणी गिळली, ते मोजा!

चला, नामाचा गजर करा — आणि उठून, पावली टाकत करा! बसून फार झालं!