देवचाराची विडी आणि नवरदेवाचे जोडे

जवळ सरका. भिंतीला टेकून बसा, पाठ उघड्यावर नको. हां, आता ऐका!

ही गोष्ट माझ्या ह्या जावयाची. हा काय, इथंच बसलाय, हेरंब, सुपारी कातरतोय. खोटं वाटलं तर त्यालाच विचारा. पुण्याचा पोरगा, शिकलेला, गुणी. पण एक खूळ! मोबाइलवरचा डबी शोधायचा खेळ. कोणीतरी रानात डबी लपवायची, जागा मोबाइलवर टाकायची, आणि दुसऱ्याने काट्याकुट्यांतून जाऊन ती हुडकायची. डबीतलं काही घेतलं, तर बदल्यात आपलं काही ठेवायचं, हा नियम. डबी सापडून मिळतं काय? काही नाही! हसू नका, जावई आहे माझा.

तर आमच्या शेवंतीच्या लग्नाची आदली रात्र. वऱ्हाड शाळेत उतरलेलं. नवऱ्याला हळद लागलेली. आता सांगा, हळद लागलेला नवरा रात्री एकटा बाहेर पडतो? त्या वासाने काय काय मागे लागतं! म्हणून तर त्याच्या हातात अडकित्ता देतात. लोखंडाला ती मंडळी भितात. ह्याने अडकित्ता ठेवला उशाखाली, मोबाइल घेतला हातात, पायांत घातले मी दिलेले नवे करकरीत जोडे, आणि निघाला देवराईत! का? तर मोबाइल म्हणाला, डबी जवळच आहे.

देवराई म्हणजे आमच्या देवचाराची. गावाची राखण करतो बिचारा. रात्रभर शिवेवरून फिरतो, काठी आपटत. मागतो काय? एक विडी. रोज संध्याकाळी ऐनाच्या झाडाच्या ढोलीत ती ठेवायची, घराघराची पाळी असते. आणि ऐका, डबी लपवणाऱ्या शहाण्याने डबी ठेवली होती नेमकी त्याच ढोलीत!

हेरंबाने ढोलीत हात घातला. डबी मिळाली. शेजारी विडी न् काडेपेटी. ह्याला वाटलं, खेळातलीच! विडी टाकली खिशात, आणि नियमाप्रमाणे बदल्यात ठेवलं काय? प्लास्टिकची शिट्टी! अरे, देवचाराला शिट्टी?

झालं. परत फिरला. चालतोय, चालतोय, समोर तोच ऐन. पुन्हा चालला. पुन्हा तोच ऐन! चकवा लागला की असंच. मोबाइलमधली बाई सांगतेय, "उजवीकडे वळा." वळला. ऐन! "डावीकडे वळा." ऐन! मग ती बाई खोकायला लागली. जुन्या विडीवाल्याचा खोकला! आणि म्हणाली, "उजवीकडे वळ रे मेल्या, पण आधी विडी ठेव!"

हा पळाला. धडपडला तो थेट व्हाळाच्या पाण्यात. विडीचा भिजून लगदा! वर बघतो तर काठावर घोंगडी पांघरलेला, माडाएवढा उंच. ठक्, ठक्, काठी वाजतेय.

"नवरदेवा, माझी विडी खंय आसा?"

"भिजली हो! उद्या नवी आणून देतो, आईशप्पथ!"

"उद्या तुझा लगीन. लगीन झाल्यार तुका माझी आठवण ऱ्हवतली?"

खरं बोलला की नाही?

इकडे उजाडायला आलं. अडकित्ता उशाखाली आणि नवरा गायब! शाळेत बोंबाबोंब. भटजी घड्याळ बघतायत. मुहूर्त टळला तर माझ्या पोरीचं काय? शेवंती एवढंच म्हणाली, "बाबा, येतील ते." मी वाटेवर जाऊन उभा राहिलो. बाप आहे मी.

तिकडे हेरंब हात जोडून रडकुंडीला आलेला. तेवढ्यात त्याचं लक्ष गेलं देवचाराच्या पायांकडे. वहाणा झिजून अंगठा बाहेर! राखण करायची म्हणजे चालणं काय थोडं? तेव्हा ह्याला अक्कल आली. घेतलं तर ठेवायचं खरं, पण समोरच्याच्या उपयोगाचं ठेवायचं. काढले जोडे, ठेवले पुढ्यात. देवचाराने पाय घातले, मावले कसे देव जाणे! चार पावलं करकर वाजवून बघितलं. खूश! काठीने वाट दाखवली, म्हणाला, "धाव!"

धावला! भटजी उठायला आणि हा मांडवात शिरायला एकच गाठ पडली. अंतरपाट धरला, आणि त्याच्या खालून शेवंतीला दिसले चिखलाने माखलेले अनवाणी पाय. अक्षता पडेस्तोवर पोरगी हसत होती. करवल्या बिचाऱ्या लपवायला नवऱ्याचे जोडे शोधतायत मांडवभर! आणि मी ओरडतोय, अरे, कुडाळच्या बाजारातून निवडून आणले होते, गेले कुठं?

तेव्हापासून अडकित्ता हातातून सुटत नाही ह्याच्या. बघा, बघा.

तर पोरांनो, दिवेलागणीनंतर ऐनाच्या वाटेला जायचं नाही. डबी सोन्याची असली तरी नाही! देवचाराने जोडे ठेवून घेतले, आणि शिट्टीसुद्धा. आता कोणाची पाळी चुकली, विडी राहिली, की तो सरळ त्या घराशी येतो आणि...

थांबा. गप्प बसा सगळे. ऐकलंत?

शिट्टी.

शेवंते, आज पाळी आपली ना गो? विडी ठेवलीस ना? काय? विसरलीस?

जावईबापू, चपला काढा.