मसाला बाहेर, मशीन आत

नाही, पण मला सांगा, यात मशीनची काय चूक? मशीन बिचारं उत्तम चाललंय! लाज वाटायची ती मला... आणि वाटतेच हो, इतवारीच्या बाजारात मान वर करवत नाही! तुम्हाला सांगतो, अमेरिकेत शिकलो आणि ब्याऐंशी साली नागपूरला परतलो ते एकच मंत्र घेऊन : धंद्यात मुख्य ते आत, बाकी बाहेर! दारात आई ओवाळतेय आणि मी तिला हेच समजावतोय!

आमचा धंदा मसाल्याचा. दुकानामागच्या खोलीत बायजाबाई आणि तिच्या बाया मसाला भाजायच्या, अख्ख्या गल्लीला ठसका! मी बाबांना म्हटलं, "भाजणं-कांडणं द्या बेसा गावच्या गिरणीवाल्या देवरावला. इथं कॉम्प्युटर बसवू!" बाबा डोकं खाजवत म्हणाले, "काहून गा, मसाला मुख्य नोहे काय आपला?" आणि मी हसलो हो... हसलो! "बाबा, मसाला कोणीही भाजेल. मुख्य ते आत, बाकी बाहेर!"

बाबांनी उमरेडकडची जमीन विकली. बायजाबाई कढई डोक्यावर घेऊन बेसाला निघाली. "जाऊन राहिली भाऊ मी. तुह्या डब्ब्याले फोडणी देता येते का, पाहून घेजो!"

मशीन आलं. त्याला धूळ चालत नाही, ऊन चालत नाही. मग खोली गारेगार केली आणि दारावर पाटी लावली, 'चपला बाहेर काढा.' संपलं! मे महिन्यातलं नागपूर, आत हिमालय, चपला बाहेर, हात लावायला मनाई... लोकांनी दुसरं काय समजायचं? शेजारच्या कुसुमावतीकाकूंनी सरळ मशीनच्या पडद्याला हळदीकुंकू लावलं, "माह्या ताराचंदचं जमू दे वं माय!" आणि जमलं हो त्याचं! दुसऱ्या दिवसापासून नारळ घेऊन रांग. विज्ञान आणायला निघालो होतो मी... देवस्थान काढून बसलो!

आणि गिऱ्हाईक? ते दुकानाच्या पाटीनं येतच नव्हतं, वासानं येत होतं! गल्लीत शिरायचं, नाक वर करायचं, थेट कढईपाशी. कढई गेली बेसाला, नाकंही गेली मागोमाग. देवरावनं गिरणीच्या दारातच दुकान मांडलं! आमच्याकडे ऑर्डरी नाहीत, हे मशीननं मात्र क्षणात सांगितलं. हिरव्या अक्षरांत! पूर्वी बाबांना त्यासाठी रस्त्याकडं बघावं लागायचं.

मी म्हटलं, "बाबा, विकून टाकू हे." तर म्हणतात, "कोण घेते? आता लोकं पाया पडून राहिले त्याच्या." रागावले असते तर बरं झालं असतं हो! पण नाही... सकाळी डबा घेतला, टोपी घातली. "तू बस इथं. मी जातो बेसाले, भाजणीवर लक्ष ठेवाले. आपला मसाला तिथं हाये ना." आपल्याच मसाल्यासाठी, देवरावच्या दारात, नोकर म्हणून! सांगा, कुठं तोंड लपवू? काय आत ठेवलं मी, आणि काय घालवलं बाहेर?

काल मी दाराबाहेर बसलेला, तर बायजाबाई आली दर्शनाला. चपला काढून माझ्यापुढं सरकवल्या. "भाऊ, ध्यान ठेवजो."

"मी काय चपला राखायला बसलोय का इथं?"

"मंग? तूच म्हणे ना," आत शिरता शिरता म्हणाली, "मुख्य ते आत, बाकी बाहेर!"

...बसलोय. उन्हात. जा, तुम्हीही जाऊन या, आत गार आहे. चपला इकडं द्या.