दुपारचं टेस्टिंग

न्हाय म्हणलं की एकदा, काशम्मा भाभी. तुमच्या रेडिओचा वॉल, ती आतली काचंची नळी, मिळंना — मुंबईस्नं यायचाय, आला की निरोप धाडतो. तिसरी खेप हाय तुमची. सारखं दारात येऊन उभ्या राहता, पेठेतली लोकं बघत्यात. संगप्पा गेल्याला चार महिने झाले, मान्य हाय, तुमचा नवरा तसा माझा बी दोस्त होता — पण त्यो काय माझ्या दुकानातनं गेला? मिलमधल्या लोकांना विचारा. चौकीवर विचारा. — विचारलं? मग? धरलाच न्हाय म्हणत्यात, वहीत नाव न्हाय? मग न्हाय धरला. दुसरी बाई घिऊन पळाला आसंल म्हणाले? म्हणू द्या की. चौकीत बसलेल्यांची तोंडं मी धरू का?

आणि माझ्या, ह्या चांदसाबच्या दुकानात पोलिसांचं बोलणं ऐकू येतं, हे कुणी घातलं तुमच्या कानात? समोरच्या हॉटेलवाल्या बिरदेवनं? त्यो सोताच हितं स्टुलावर बसून ऐकायचा की, कपबशी घिऊन. सगळी पेठ ऐकायची, लपवायचं काय त्यात? दुपारी आकाशवाणी बंद आसती — मग रेडिओ बरा झाला का न्हाय, कशावर बघायचं? शॉर्टवेव्हला काटा जरा डावीकडं सारला की पोलिसांचा बिनतारी लागायचा, शेजारच्या घरात बोलल्यागत साफ. कुटं गाडी पाठवा, कुणाला आणा, साहेबाचा डबा कुटं अडकला — समदं. ज्या उस्तादाकडं हे काम शिकलो त्यानंच शिकवलेलं, जे ऐकू आलं ते शब्दाला शब्द चिठ्ठीवर लिवायचं, तारीख, वेळ, खाली सही, आणि चिठ्ठी रेडिओच्या आत चिकटवायची. उद्या गिऱ्हाईक भांडाय आलं, आवाजच न्हवता म्हणून, की पाठ उघडून दाखवायची. आता ते बी संपलं. आता आकडे बोलत्यात — सात नंबर, बारा नंबर, चाळीस — कुणाच्या बापाला कळंना. वर जमादार सांगून गेला, परत काटा तिकडं नेलास तर लायसन जाईल आणि मागनं तू बी जाशील. आणीबाणी हाय, भाभी. ते संगप्पाला कळलं न्हाय, मिलच्या गेटवर भाषणं ठोकत बसला. मी सांगत होतो त्याला. मला चार लेकरं हायेत, मला कळतंय.

रडू नका. रडायचं तर भाईर जाऊन रडा. — काय ऐकलं मी? काय बी न्हाय. संगप्पा गेला त्या गुरुवारी तर दुकानच — बरं, उघडं होतं, तुमचाच रेडिओ टेबलावर होता, पण काटा मी तिकडं नेलाच न्हाय. आणि नेला आसता तरी होटगीच्या फलाटावर कुणाला जीपमधी घातलं, कुटं नेलं, त्येच्याशी मला काय — काय? होटगी तुमीच म्हणला की आत्ता. न्हाय? मग चौकीवर म्हणला आसाल. — तितं बी न्हाय? बिरदेवला? कुणालाच सांगितलं न्हवतं, त्यो होटगीवरनं गुलबर्ग्याची गाडी धरणार म्हणून?

असं बघू नका माझ्याकडं.

वॉल कवाच आलाय. त्या गुरुवारीच बसवला. तीन वीसला काटा सारला आणि लिवाय बसलो — हात लिवत होता, ध्यान कुटं होतं. "होटगी स्टेशन, गुलबर्ग्याच्या गाडीला थांबलाय, मिलवाला संगप्पा, परस्पर घिऊन जा, चौकीला आणू नका." सही केली, चिकटवली, आणि मग वाचली. गाडी पाचची होती. सायकल दाराशीच होती माझी. पण जीपच्या आधी सायकल पोचती का? तुमीच सांगा, पोचती का? आणि वाटंत कुणी विचारलं आसतं, चांदसाब कुटं निगालास, तुला कुणी सांगितलं — तर काय सांगणार होतो मी? बसून राहिलो. त्या दिवशी दुकान बंद करोस्तवर दुसऱ्या रेडिओला हात लावला न्हाय. लाज वाटती मला. झालं समाधान?

चिठ्ठी फाडायला पाठीचे स्क्रू चार डाव काढले आणि चार डाव परत लावले. फाडली आसती तर रेडिओ कवाच दिला आसता तुमाला. आता घ्या. घरी जाऊन उघडा, हितं न्हाय. वकिलाला दाखवा, साहेबाला दाखवा, कुणाला दाखवायची त्याला दाखवा. पण मला बोलावलं तर ते अक्षर माझं न्हाय म्हणणार मी — आत्ताच सांगून ठेवतो. सही बी माझी न्हाय. कुराणावर हात ठेवाय लावला तरी न्हाय.

उचला की. मागच्या बोळातनं जावा. पदर टाका त्याच्यावर. आणि परत ह्या दुकानाची पायरी चढू नका.